मोजून घातलेलं तेल

वेगवान गाडीचं इंजिन बिघडतं ते रेसच्या ट्रॅकवर, अशी बहुतेकांची समजूत असते. या गाड्यांवर काम करणाऱ्याला गॅरेजमध्ये वेगळंच दिसतं. बऱ्याच भानगडींची सुरुवात गाडी उभी असताना होते. तेल कमी दिसतं, मालक किंवा ड्रायव्हर चांगल्याच हेतूने डबा उघडतो आणि अंदाजाने ओततो. तेल खरोखर कमी होतं की नुसतं कमी दिसत होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. या कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. इंजिन ऑइलची पातळी नजर टाकून कळत नाही, ती मोजावी लागते आणि मोजमापाला अटी असतात. अटी मोडून घेतलेलं माप निरुपयोगी असतं, कधी कधी घातकही ठरतं. अटी पाळून घेतलेलं एकटं मापसुद्धा फारसं काही सांगत नाही. एकाच रीतीने, पुन्हा पुन्हा घेतलेल्या मापांमधला फरक मात्र इंजिनाची तब्येत सांगतो. तेव्हा तेल घालणं हा या हिशेबातला शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे. साध्या गाडीत हा हिशेब ढिला ठेवला तरी बहुधा निभावतं. ताकदवान गाडीत ते का निभावत नाही, हे समजून घेण्यासाठी पोर्शे ९११ सारखं दुसरं उदाहरण नाही.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हापासून १९९८ पर्यंत बनत राहिलेल्या जुन्या पिढ्यांच्या ९११ मध्ये हवेने थंड होणारं, सहा आडव्या सिलिंडरांचं इंजिन होतं आणि त्याची तेलाची व्यवस्था ड्राय संपची होती. नेहमीच्या गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठतं आणि पंप ते तिथूनच उचलतो. गाडी वळणावर जोरात घेतली की चेंबरमधलं तेल बाहेरच्या बाजूला चढतं. किती चढतं याचं गणित सोपं आहे. वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा झाला की तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांनी कलतो. चांगल्या टायरची स्पोर्ट्स कार एवढा जोर सहज काढते. लांबलचक वळणावर काही सेकंद तेल असं एका बाजूला राहिलं, की पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. सहा हजार आरपीएमला क्रँक दर सेकंदाला शंभर फेरे घेत असतो आणि बेअरिंगमध्ये धातूपासून धातूला दूर ठेवणारा तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. हवेचा थर तयार होत नाही, त्यामुळे क्षणभराचा खंडही बेअरिंगला पुरेसा होतो. ड्राय संपमध्ये तळाशी तेल साठूच देत नाहीत. एक पंप तळाचं तेल हवेसकट खेचून वेगळ्या टाकीत टाकतो, टाकीत हवा सुटते आणि दुसरा पंप निव्वळ तेल दाबाने इंजिनाला पुरवतो. खेचणाऱ्या पंपाची क्षमता पुरवणाऱ्या पंपापेक्षा मुद्दाम जास्त ठेवतात, कारण त्याला तेलासोबत हवाही ओढायची असते.

या रचनेने वळणाचा प्रश्न सोडवला आणि मोजण्याचा नवा प्रश्न उभा केला. जुन्या ९११ मध्ये तेल दहा लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. त्यातलं टाकीत किती आणि इंजिनात किती, हे वेळेनुसार बदलतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपत इंजिनात उतरतं. अशा थंड गाडीची डिपस्टिक काढली तर ती कोरडी निघू शकते. प्रत्यक्षात तेल थेंबभरही कमी झालेलं नसतं, ते फक्त जागा बदलून बसलेलं असतं. म्हणून या गाडीचं तेल मोजायची रीत साध्या गाडीपेक्षा वेगळी आहे: इंजिन पूर्ण गरम, गाडी सपाट जागी आणि इंजिन आयडलवर चालू. ही रीत माहीत नसलेला माणूस थंड गाडी बघून लिटर-दोन लिटर तेल ओततो. इंजिन सुरू झालं की पंप सगळं तेल टाकीत परत आणतो, टाकी भरून वाहू लागते आणि जादा तेल इंजिनाच्या श्वासनळीच्या, म्हणजे ब्रीदरच्या वाटे हवेच्या फिल्टरकडे, तिथून सिलिंडरमध्ये जातं. मागे धुराचा लोट उठतो आणि ज्याने काळजीपोटी तेल घातलं तोच इंजिन गेलं म्हणून हादरतो. पुष्कळ ९११ मध्ये डॅशबोर्डवर तेलाच्या पातळीचा काटाही असे. गाडी पळत असताना तो खाली बसतो, कारण तेव्हा बरंचसं तेल इंजिनात खेळत असतं. तो काटाही गरम इंजिनावर, आयडलला, सपाट जागीच वाचायचा.

तेल घालण्याच्या जागेवरून केवढा घोळ होऊ शकतो, याची नोंद पोर्शेच्याच इतिहासात आहे. १९७२ च्या मॉडेलसाठी त्यांनी तेलाची टाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आणली. वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात यावं, हा हेतू होता. तेल भरण्यासाठी उजव्या बाजूला दारामागे, बाहेरूनच उघडणारं एक झाकण दिलं. पुढच्याच वर्षी ते झाकण गेलं आणि टाकी पुन्हा चाकामागे गेली. पेट्रोल पंपावरचे लोक त्यात पेट्रोल भरत, असं त्याचं कारण सांगितलं जातं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने टाकीची नवी जागा बिनचूक होती. पण तेल भरणाऱ्या माणसाला आपण कुठलं झाकण उघडतोय हे कळलं नाही, तर उत्तम रचनाही वाया जाते. तेलाच्या बाबतीत माणूस हाही त्या यंत्रणेचाच भाग असतो, हे मला त्या झाकणावरून पटतं.

मोजण्याच्या अटी तीन: तापमान, जागा आणि वेळ. तापमानाने किती फरक पडतो ते पाहू. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. तीस अंशांचं तेल शंभर अंशांना पोचलं की त्याचं आकारमान सुमारे पाच टक्क्यांनी वाढतं. दहा लिटर तेलात हा फरक अर्ध्या लिटरचा झाला. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर लिटरभराचं असतं, म्हणजे नुसत्या तापमानाने अर्धी पट्टी इकडची तिकडे होते. जागेचंही तसंच. गॅरेजचा उतार किंवा सोसायटीच्या पार्किंगमधला रॅम्प डोळ्याला जाणवत नाही, पण रुंद, उथळ चेंबरमध्ये तो खुणेवर दिसतो. वेळेची अट मात्र गाडीगणिक बदलते. साध्या चेंबरच्या इंजिनात गाडी बंद करून काही मिनिटं थांबतात, म्हणजे वर चढलेलं तेल खाली उतरतं. ड्राय संपच्या काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजायचं, तर काहींत बंद केल्यावर ठरावीक मिनिटांच्या आतच, कारण नंतर तेल टाकीतून उतरू लागतं. पहिल्या पिढीची मर्सिडीज-एएमजी जीटी आणि आत्ताची शेव्हरोले कॉर्व्हेट याही ड्राय संपच्याच गाड्या, पण एकीची रीत दुसरीला लावता येत नाही. रक्तातल्या साखरेचा आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा हे कळल्याशिवाय डॉक्टर त्यावर गोळी लिहून देत नाही. डिपस्टिक बघून डबा उघडणाऱ्यानेही आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

यावर एक आक्षेप हमखास येतो. एवढी काटेकोर मोजमापं कशाला? थोडं जास्त झालं तर काय बिघडलं, कमी पडण्यापेक्षा बरं. ही समजूत गॅरेजमध्ये इतकी रुजली आहे की मेकॅनिकही वरच्या खुणेच्या बोटभर वर भरून देतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. तेलाने मात्र हे मान्य केलेलं नाही. चेंबरमध्ये पातळी फार वर गेली की फिरता क्रँक तेलाला फेटू लागतो. तेलात हवेचे बुडबुडे मिसळतात. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे फेसाळलेल्या तेलाचा थर बेअरिंगमध्ये टिकत नाही आणि तेल कमी असताना जे होतं, तेच तेल जास्त असतानाही होऊ लागतं. दुसरीकडे क्रँककेसच्या वाफांबरोबर तेल इनटेकमध्ये खेचलं जातं. पेट्रोलच्या मिश्रणात तेल मिसळलं की मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका वाढतो आणि जास्त दाबाच्या टर्बो इंजिनाला हा ठोका सगळ्यात महाग पडतो. जळलेल्या तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करत जातो, तो खर्च वेगळाच. म्हणून तेल घालताना पाव-अर्धा लिटरच्या टप्प्याने घालावं, ते खाली उतरू द्यावं, पुन्हा त्याच अटींवर मोजावं आणि वरच्या खुणेच्या थोडं खाली थांबावं. घातलेलं तेल काढण्यासाठी बहुधा गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. घालायला मात्र दुसऱ्या दिवशीही वेळ असतो.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. चांगलं इंजिन तेल खातच नाही. तेव्हा दोन सर्व्हिसच्या मध्ये तेल घालावं लागत असेल, तर मोजमापापेक्षा दुरुस्तीची गरज आहे, असं काहींचं म्हणणं. पण तेल न खाणारं इंजिन असं काही नसतं. पिस्टनच्या रिंगांनी सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर ठेवला नाही तर रिंगाच झिजतील, आणि भिंतीवरचा थर थोडा का होईना जळणारच. जास्त आरपीएम, जास्त तापमान आणि टर्बोचा लाखाच्या पुढे फिरणारा दांडा, या सगळ्यांनी हा खप वाढतो. युरोपीय कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काहींत एक लिटरपर्यंतचा खप मान्य केलेला आढळतो. माझ्डा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनात तर तेल जाळणं ही रचनेचीच गरज होती. रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून एक मीटरिंग पंप मोजून तेल आत सोडत असे. त्या गाडीचं तेल कमी होणं थांबलं तरच काळजी करायला हवी होती. म्हणून खप आहे की नाही हा प्रश्न चुकीचा आहे. हजार किलोमीटरला किती आणि मागच्या वेळेपेक्षा किती बदलला, हे विचारायला हवं. तीनशे मिलिलिटर खाणारं इंजिन वर्षानुवर्षं तीनशेच खात असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. शंभर खाणारं अचानक तीनशेवर गेलं तर रिंग, व्हॉल्व्ह सील, टर्बोचं सील, श्वासनळीचा व्हॉल्व्ह, यांपैकी काहीतरी बोलतंय. हा फरक कळण्यासाठी घातलेलं तेल मापाने घातलेलं असायला हवं आणि किलोमीटरसकट लिहिलेलं असायला हवं. ‘थोडंसं टाकलं’ ही नोंद कुठल्याच हिशेबात बसत नाही.

पातळी हलली नाही म्हणजे सगळं ठीक, हा निष्कर्षही घाईचा आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात थंड असताना काही पेट्रोल भिंतीवरून उतरून तेलात मिसळतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं. मुंबईत ताकदवान गाड्या ज्या प्रकारे वापरल्या जातात, त्यात हे तापणंच होत नाही. आठवडाभर गाडी कव्हरखाली, मग रविवारी सकाळी थोडी चक्कर, उरलेला वेळ सिग्नलवर. जेवढं तेल जळतं तेवढं पेट्रोल आत येत राहिलं, तर डिपस्टिकवरची खूण जागची हलत नाही आणि मालकाला वाटतं की गाडी तेल खात नाही. मग कधीतरी पुणे एक्सप्रेसवेवर लांबचा प्रवास होतो, मिसळलेलं पेट्रोल उडतं आणि पातळी एकदम खाली दिसते. दोष प्रवासाला दिला जातो. खरं तर तेल आधीच कमी झालं होतं आणि उरलेलं पातळ झालं होतं. म्हणून मोजताना नुसती उंची बघून भागत नाही. डिपस्टिक पुसायच्या आधी तिला पेट्रोलचा वास येतो का, तेल बोटांत धरल्यावर फार पातळ लागतं का, झाकणाच्या आत दुधाळ साय धरली आहे का, हेही बघायला हवं. ती साय बहुतेकदा थंड इंजिनात जमलेल्या पाण्याची असते. पण डिपस्टिकवरचं तेलच दुधाळ झालं असेल आणि कूलंटही घटत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये.

आता सगळ्यात आधुनिक आक्षेप. गाडी स्वतः मोजते, मग माणसाने हात कशाला काळे करायचे? बीएमडब्ल्यूच्या अनेक इंजिनांत आता डिपस्टिकच नसते, पोर्शेच्याही नव्या गाड्यांत पडद्यावरच पातळी दिसते. या यंत्रणांना मी नावं ठेवणार नाही. तापमान पुरेसं आहे का, गाडी सपाट आहे का, हे त्या तपासतात आणि अटी जुळल्या नाहीत तर माप देतच नाहीत. एवढी शिस्त बहुतेक माणसांत नसते. पण पडद्यावरची पट्टी या क्षणाची पातळी दाखवते. मागच्या महिन्यापासून किती तेल घातलं, कधी घातलं, कुणी घातलं, हे तिला ठाऊक नसतं. तेलाचा वास तिला येत नाही. शिवाय तेल घातल्याबरोबर पडद्यावर बदल दिसेल असं नाही, नवं माप यायला वेळ लागतो. तेवढ्यात पट्टी हलली नाही म्हणून आणखी एक डबा ओतला जातो. डॅशबोर्डवरच्या लाल तेलदाणीच्या दिव्यावर विसंबणं तर त्याहून वाईट. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो आणि दाब फारच खाली घसरल्यावर पेटतो. तो पेटला याचा अर्थ बेअरिंगला तेल मिळेनासं झालं आहे. तेव्हा पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असा विचार न करता इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं असतं.

कुठलं तेल घालायचं, यावरही आपल्याकडे एक हटवादी मत आहे: आपल्याकडची हवा गरम, म्हणून जाड तेल बरं. यात अर्धसत्य आहे. ग्रेडमधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. उणे तीस-पस्तीस अंशांच्या चाचण्यांचा मुंबईशी संबंध नाही, हे खरं. नंतरचा आकडा शंभर अंशांवरच्या घट्टपणाचा. पण वाहत्या तेलाचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा इंजिनावरचा भार, तेलाचा कूलर आणि थर्मोस्टॅट यांवर जास्त अवलंबून असतं, आणि बेअरिंगमधली फट इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेली असते. बीएमडब्ल्यूने एम३ च्या आठ हजार आरपीएमपर्यंत जाणाऱ्या एस५४ इंजिनाला १०डब्ल्यू-६० सांगितलं, तर निसानने जीटी-आरच्या टर्बो इंजिनाला ०डब्ल्यू-४०. दोन्ही इंजिनं आक्रमक, तेलं मात्र वेगळी. त्यामुळे ताकद जास्त म्हणून तेल जाड, हा नियम ठरत नाही. डब्यावर ग्रेडसोबत कंपनीची मान्यता, उदाहरणार्थ पोर्शेची ए४०, बघायला हवी. घाटात अडकलेल्या गाडीत तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं असेल आणि नेमकं तेल मिळत नसेल, तर जवळच्या ग्रेडचं चांगलं सिंथेटिक अर्धा लिटर घालणं केव्हाही शहाणपणाचं. इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात, कमी तेलावर चालणारं बेअरिंग मात्र वाट बघत नाही. फक्त तीही नोंद लिहून ठेवावी आणि पुढचा ऑइल बदल लवकर करावा.

शेवटी एक व्यवहारी शंका उरते. एवढ्या महागाची गाडी घेतल्यावर हे सगळं मालकानेच का करायचं, सर्व्हिस सेंटर कशाला आहे? सर्व्हिस सेंटर गाडी वर्षातून एकदा-दोनदा बघतं. त्यांना एकेक माप मिळतं आणि एका मापातून खपाचा दर निघत नाही. त्यांनी विचारलं, ‘तेल किती घालावं लागलं?’ तर उत्तर मालकाकडेच असतं, किंवा कुणाकडेच नसतं. वॉरंटीत खपाची तक्रार केली की तेल मोजून भरतात, गाडी ठरावीक किलोमीटर चालवायला सांगतात आणि पुन्हा मोजतात. मालकाने आधीपासून जे करायला हवं होतं तेच तिथे पहिल्यापासून सुरू होतं, तोवर बिघाड आणखी पुढे गेलेला असतो. यासाठी लागणारी साधनं अगदी थोडी आहेत: धागे न सुटणारं कापड, खुणा असलेलं माप, स्वच्छ नरसाळं, मान्यतेच्या तेलाचा एक डबा आणि एक वही. दर दुसऱ्या पेट्रोलला, त्याच सपाट जागी, पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला आणि वेळेला मोजायचं. तारीख, किलोमीटर, पातळी आणि घातलेलं माप लिहायचं. काही महिन्यांत त्या गाडीचा स्वतःचा दर तयार होतो आणि पुस्तिकेतल्या कमाल मर्यादेपेक्षा तो जास्त उपयोगी असतो, कारण मर्यादा सगळ्या इंजिनांची असते आणि दर त्या एका इंजिनाचा. दर माहीत असलेला मालक कोरडी डिपस्टिक बघून घाबरत नाही, भरलेली बघून निश्चिंत होत नाही, आणि डबा उघडण्याआधी त्याला माहीत असतं की आज किती तेल लागायला हवं. त्याहून जास्त लागलं, तर तेल घालून गाडी गॅरेजला न्यायची. त्याहून कमी लागलं, तरी कारण शोधायचं.